लग्न डिसेंबरमध्ये, बायको भारतात: अमेरिकेतलं रिटर्न एकट्याचं की दोघांचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतात. तिथे येऊन चार वर्षं झाली, पगार वर्षाला १,३०,००० डॉलर. २०२५च्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याला लग्न झालं, विवाह नोंदणी जानेवारीत झाली आणि पत्नी फेब्रुवारी २०२६मध्ये एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, अमेरिकेत आली. त्याआधी नोव्हेंबरपर्यंत ती पुण्यात नोकरी करत होती. तिच्या नावावर थोड्या एफडी आहेत, म्युच्युअल फंडाच्या दोन एसआयपी आहेत. ऑफिसातला एक मित्र सांगतो, बायको तेव्हा इथे नव्हती, म्हणून 'सिंगल' भर. दुसरा सांगतो 'हेड ऑफ हाउसहोल्ड' भर, त्यात सूट जास्त. तिसरा म्हणतो दोघांचं एकत्रच भर. खरं कुणाचं?

तिसऱ्याचं. पण एकत्र रिटर्नसोबत जे काही घरात येतं, ते त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

'सिंगल' तुम्हाला भरताच येत नाही. तुम्ही वर्षभर अविवाहित होतात की शेवटचे पंधरा दिवस विवाहित, हे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, बघत नाही. ३१ डिसेंबरला तुम्ही कायद्याने विवाहित असाल तर त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित. बायको कुठल्या देशात आहे, तिच्याकडे व्हिसा आहे की नाही, याचा या प्रश्नाशी काही संबंध नाही. जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल तर अमेरिकेतही कराच्या दृष्टीने वैध.

मग नोंदणी जानेवारीतली, त्याचं काय? हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७. ज्या विधींमध्ये सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा. नोंदणी उशिरा झाली म्हणून लग्न उशिरा झालं असं होत नाही. तुमचं प्रमाणपत्र नीट बघा, त्यावर विवाहाचा दिनांक वेगळा आणि नोंदणीचा वेगळा असतो. आपल्याला पहिला हवा.

याची उलटी बाजूही असते, आणि ती मी दर हंगामात एकदोनदा तरी बघतो. व्हिसाची घाई म्हणून ऑगस्टमध्ये रजिस्टर्ड लग्न उरकलेलं असतं आणि हॉल, पंगत, वरात असं 'खरं लग्न' पुढच्या फेब्रुवारीत. मुलगा रिटर्न भरताना म्हणतो, अहो लग्न फेब्रुवारीत आहे. नाही. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या त्या दिवशी तुमचं लग्न लागलं. मुहूर्ताचं आयआरएसला देणंघेणं नाही. एच-४च्या अर्जात ऑगस्टची तारीख आणि त्याच वर्षाच्या रिटर्नवर 'सिंगल', हे दोन कागद आयुष्यभर एकमेकांशी भांडत राहतात. असं आधीच भरून बसलेले कुणी असतील तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करा.

'हेड ऑफ हाउसहोल्ड'चं मित्राने अर्धंच ऐकलंय. बायको अनिवासी असेल तर या एका कामापुरतं नवऱ्याला अविवाहित धरता येतं, हे बरोबर. पण त्यासाठी घरात तुमच्यावर अवलंबून असलेली पात्र व्यक्ती लागते, बहुधा अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याजवळ राहिलेलं मूल. बायको ती व्यक्ती होऊ शकत नाही. तेव्हा तुमच्यापुरता हा विषय मिटला.

उरले दोन पर्याय: दोघांचं संयुक्त किंवा विवाहित असून वेगळं. आता आकडे. हे सगळे फेडरल कराचे, वर्ष २०२५चे. राज्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

वेगळं भरलं तर १,३०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० गेलं, करपात्र राहिले १,१४,२५०. त्यातला वरचा तुकडा २४ टक्क्यांत जातो. कर होतो २०,२६७ डॉलर. संयुक्त भरलं तर डिडक्शन ३१,५००, करपात्र ९८,५००. संयुक्त रिटर्नला १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५०पर्यंत चालतो, म्हणजे जेमतेम दीड हजार डॉलर २२ टक्क्यांत जातात. कर ११,४९८. फरक ८,७६९ डॉलर.

हा आकडा बघून लगेच उडी मारू नका, कारण यात पत्नीचं उत्पन्न अजून धरलेलंच नाही. आणि यावरून 'लग्न झालं की कर वाचतो' असाही नियम काढू नका. फायदा होतो तो दोघांच्या कमाईत मोठं अंतर असतं तेव्हा. दोघंही प्रत्येकी १,१०,००० कमावत असतील तर वेगळं भरून प्रत्येकी १५,६४९ आणि एकत्र भरून ३१,२९८. म्हणजे बरोब्बर दुप्पट, एका डॉलरचाही फरक नाही. दोघंही प्रत्येकी १,८०,००० मिळवत असतील तर लग्न अंगाशी येतं: जादा मेडिकेअर करासाठी (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा कर) अविवाहिताची मर्यादा २ लाख आहे, जोडप्याची मात्र अडीच लाख. लग्नाआधी दोघंही त्याखाली, लग्नानंतर मिळून त्या मर्यादेच्या १,१०,००० डॉलर वर. त्यावर ०.९ टक्के, म्हणजे ९९० डॉलर. वेगळं भरूनही सुटका नाही, कारण तिथे मर्यादा प्रत्येकी सव्वा लाखच आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चार वर्षं तिथे आहात, त्यामुळे कराच्या भाषेत 'निवासी' आहात. तुमच्या पत्नीने २०२५मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नाही, म्हणून ३१ डिसेंबरला ती अनिवासी. अनिवासी जोडीदारासोबत संयुक्त रिटर्न एरवी भरता येत नाही. ते दार उघडतं अमेरिकेच्या कर कायद्यातल्या कलम ६०१३(जी)ने: दोघांनी मिळून लिहून द्यायचं की तिला पूर्ण वर्षासाठी निवासी धरा. आणि निवासी म्हटलं की जगभरचं उत्पन्न आलं. तिचा पुण्यातला पगार, एफडीचं व्याज, फंडातला नफा, सगळं, तेही लग्नाआधीच्या जानेवारीपासूनचं. 'ते तर लग्नाआधीचं तिचं स्वतःचं' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

इथे पहिली व्यावहारिक अडचण येते. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. लोक मला एक फॉर्म १६ पाठवतात आणि म्हणतात, झालं. त्यातले नऊ महिने चुकीच्या वर्षाचे असतात. तिच्या जानेवारी ते मार्च २०२५च्या पगाराच्या स्लिपा वेगळ्या काढा, एप्रिल ते नोव्हेंबरच्या वेगळ्या. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्रही आर्थिक वर्षाचंच मिळतं, म्हणून पासबुकातून किंवा स्टेटमेंटवरून १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमधलं व्याज हाताने वेचावं लागतं. एका रविवारचं काम आहे. पीपीएफ असेल तर त्याचं व्याजही लिहा. भारतात ते करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. एनआरई खात्याचंही तेच.

तिचा त्या अकरा महिन्यांचा पगार तुम्ही लिहिला नाही, म्हणून हिशेबासाठी १०,००० डॉलर धरतो. तो सरळ रिटर्नमध्ये मिळवला आणि कसलीही सवलत घेतली नाही, तर संयुक्त कर १३,६९८ होतो. वेगळ्या रिटर्नच्या २०,२६७च्या तुलनेत तरीही साडेसहा हजार डॉलर वाचतात. म्हणजे तुमच्या बाबतीत अगदी वाईट बाजू धरली तरी संयुक्तच पुढे राहतं.

त्यात आणखी थोडं वाचवता येतं. ती वर्षभर भारतातच राहून काम करत होती, त्यामुळे परदेशात कमावलेला पगार वगळण्याची सवलत, फॉर्म २५५५, तिला मिळू शकते. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर, ही अट ती सहज पुरी करते. पण 'वगळला म्हणजे नाहीसा झाला' असं समजू नका. वगळलेला पगार हिशेबात तळाला ठेवला जातो आणि तुमचा पगार त्याच्यावर रचला जातो, त्यामुळे तुमचे वरचे डॉलर वरच्याच टप्प्यात राहतात. कर १२,६९८ येतो. म्हणजे १०,००० वगळून फक्त १,००० वाचले. ऑनलाइन सॉफ्टवेअरने हा आकडा दाखवला की लोक चूक झाली म्हणून घाबरतात. चूक नसते.

दुसरी वाट म्हणजे भारतात भरलेल्या कराची वजावट, फॉर्म १११६. ऐकायला हीच न्याय्य वाटते, पण एक पेच आहे. २०२५-२६पासून भारतात नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. भारतात कर भरलाच नाही, तर अमेरिकेत वजा काय करणार? कापला गेलेला टीडीएस परत मिळणार असेल तर तोही 'भरलेला कर' नव्हे. पंचवीस-तीस लाखांचा पगार असणाऱ्या पत्नीची गोष्ट वेगळी. तिथे मी २५५५ आणि १११६ दोन्ही मांडून बघतो आणि बऱ्याचदा १११६ सरस ठरतो. एकाच पगारावर दोन्ही मात्र घेता येत नाहीत.

म्युच्युअल फंड ही खरी काटेरी जागा. भारतातला साधा इक्विटी फंड अमेरिकेच्या लेखी 'पीएफआयसी', म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी. त्याच्यासाठी फॉर्म ८६२१, आणि विक्रीवरच्या नफ्याला असा कर की वर मागचं व्याजही लागतं. दिलासा एवढाच की संयुक्त रिटर्नमध्ये वर्षअखेर अशा सगळ्या फंडांची एकूण किंमत ५०,००० डॉलरच्या आत असेल, वर्षात काही विकलं नसेल आणि मोठं वाटप मिळालं नसेल, तर तो फॉर्म भरावा लागत नाही. दोन एसआयपींमध्ये तुम्ही बहुधा याच्या बरंच खाली असाल. लग्नखर्चासाठी डिसेंबरमध्ये युनिट विकले होते का, ते आधी तिला विचारा. विकले असतील तर निवड करण्यापूर्वी तो हिशेब एखाद्या जाणकाराकडून करून घ्या. तिच्या नावावर वडिलांनी घेतलेला फ्लॅट होता आणि तो याच वर्षी विकला, असं काही असेल तर माझं वरचं सगळं उत्तर उलटू शकतं.

आणखी एक. ही निवड एका वर्षापुरती नसते. ती पुढे चालू राहते आणि एकदा रद्द केली की त्याच जोडीदारासोबत पुन्हा करता येत नाही. तुमच्या बाबतीत याची झळ नाही, कारण फेब्रुवारीत आलेली पत्नी २०२६मध्ये दिवसांच्या मोजणीनेच निवासी होईल. पण बायको वर्षानुवर्षं भारतातच राहणार असेल तर विचार करून करा.

वेगळं भरणं कधी योग्य? विवाहित-वेगळ्या रिटर्नला शैक्षणिक खर्चाचं क्रेडिट (करातून थेट वजा होणारी सूट) नाही, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट नाही, पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट सहसा नाही, आणि एकत्र राहणाऱ्या जोडप्याला रॉथ आयआरए हे निवृत्तीचं बचत खातं १०,००० डॉलरच्या उत्पन्नालाच बंद. एकाने खर्च तपशिलाने दाखवले तर दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. एवढं सोडूनही काहींना ते परवडतं: जोडीदाराचं भारतातलं उत्पन्न प्रचंड असेल, एकाचा वैद्यकीय खर्च मोठा असेल, अमेरिकन सरकारी शैक्षणिक कर्जाचा हप्ता उत्पन्नावर ठरत असेल. आणि जिथे नवराबायकोत विश्वास उरलेला नाही तिथे.

या शेवटच्या कारणावर जरा थांबतो. संयुक्त रिटर्नवर दोघांची सही असते आणि दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार असतात. निम्म्या-निम्म्या नव्हे. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत न उघडलेली आयआरएसची पाकिटं. नवऱ्याचा नोकरीशिवाय एक जोडधंदा होता, त्यातलं उत्पन्न तीन वर्षं रिटर्नवर नव्हतं. ह्या स्वयंपाक करत असताना तो लॅपटॉप पुढे करायचा आणि म्हणायचा, इथे क्लिक कर. ह्या क्लिक करायच्या. घटस्फोट झाला, तो भारतात परतला, आणि मागणीची नोटीस यांच्या नोकरीच्या पगारापर्यंत पोचली. अशा वेळी फॉर्म ८८५७ भरून निर्दोष जोडीदार म्हणून सवलत मागता येते, ती आम्ही मागितली, काही अंशी मिळालीही. पण दीड वर्ष गेलं. तेव्हापासून माझ्याकडे संयुक्त रिटर्न असेल तर मी दोघांना बसवतो आणि दोन्ही पानं मोठ्याने वाचतो. नवरे कंटाळतात. बायका प्रश्न विचारतात, आणि ते बहुतेक वेळा चांगले असतात.

आता कागद. निवडीसाठी छापील फॉर्म नाही. साध्या कागदावर लिहायचं: २०२५च्या अखेरच्या दिवशी आमच्यापैकी एक निवासी आणि एक अनिवासी होतो, आम्ही दोघंही पूर्ण वर्षासाठी निवासी धरले जाण्याची निवड करत आहोत. खाली दोघांची नावं, पत्ते, क्रमांक आणि दोघांच्या सह्या. तो कागद रिटर्नला जोडायचा.

एच-४वर काम करण्याची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्यामुळे पत्नीला आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा ओळख क्रमांक, लागेल. फॉर्म डब्ल्यू-७, रिटर्नसोबतच. त्यावर कारणाचे चौकोन आहेत आणि तिथे हमखास घसरगुंडी होते. 'जी' चौकोनात व्हिसाधारक अनिवाशाचा जोडीदार असा उल्लेख दिसतो आणि एच-४वाले आनंदाने तिथे खूण करतात. पण तुम्ही व्हिसावर असलात तरी कराच्या दृष्टीने निवासी आहात, म्हणून तुमच्या पत्नीसाठी चौकोन 'ई', निवाशाचा जोडीदार. पासपोर्टची नोटरी केलेली झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायला मी कुणालाच सांगत नाही, त्यातही नुकत्याच आलेल्या बाईला तर नाहीच. आयआरएसच्या करदाता साहाय्य केंद्रात वेळ घेऊन जा किंवा अधिकृत स्वीकृती एजंटकडून पासपोर्ट पडताळून घ्या. पासपोर्ट लगेच हातात परत मिळतो. क्रमांक यायला सात आठवडे धरा, हंगामात नऊ ते अकरा. परतावा त्यानंतर.

१५ एप्रिलपर्यंत हे जमत नसेल तर फॉर्म ४८६८ भरला की १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ती कागद देण्याची मुदत, पैसे भरण्याची नव्हे. काही जण आधी वेगळं रिटर्न भरतात, पत्नीच्या क्रमांकाच्या जागी 'एनआरए' (अनिवासी परदेशी) लिहितात, आणि नंतर दुरुस्ती करून संयुक्त करतात. तीन वर्षांच्या आत ते चालतं. उलटं मात्र नाही: संयुक्त भरल्यावर मुदत उलटून गेली की वेगळं करता येत नाही.

एफबार, म्हणजे परदेशी बँक खात्यांची माहिती देणारा अहवाल, हा रिटर्नपेक्षा स्वतंत्र प्रकार. वर्षात कधीही सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरवर गेली की भरायचा. ६०१३(जी)च्या निवडीमुळे पत्नीवर २०२५चा एफबार येत नाही. तुमचा मात्र चार वर्षांपासून येत असू शकतो. 'माझं भारतात काही नाही' असं सांगणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारतो, बाबांच्या एफडीवर दुसरं नाव कुणाचं आहे? असेल तर ती पूर्ण रक्कम तुमच्या बेरजेत धरायची. पैसे बाबांचे आहेत हे खरं, पण खात्यावर नाव तुमचंही आहे. संयुक्त रिटर्नला जोडण्याचा, परदेशातल्या खात्यांचा आणि गुंतवणुकीचा फॉर्म ८९३८ वेगळा. अमेरिकेत राहणाऱ्या जोडप्याला तो वर्षअखेर १ लाख किंवा मध्येच कधी दीड लाख डॉलर ओलांडले तर लागतो, आणि त्यात पत्नीची खातीही मोजायची. लग्नात सासरमाहेरकडून आलेल्या आहेरावर तुम्हाला कर नाही. भारतातून आलेल्या भेटी वर्षात १ लाख डॉलरवर गेल्या तरच फॉर्म ३५२०वर कळवायचं.

आणि कंपनीत दिलेला डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म, बदला. आता पत्नीची कमाई नसल्याने 'विवाहित, संयुक्त' लिहिलंत की हातात येणारा पगार वाढेल. पुढे तिला कामाची परवानगी मिळून नोकरी लागली, तर त्याच दिवशी दोघांनीही दुसऱ्या टप्प्यातला 'सी' चौकोन टिक करा. नाहीतर दोन्ही कंपन्या जोडप्याचं पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन आपापल्या परीने धरून कर कापतात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये परताव्याऐवजी काही हजारांचं देणं निघतं.